वेबसाइट हवी, पण कशासाठी?

लेखकाची वेबसाइट म्हटलं की फोटो, बायोडाटा आणि सत्कारांची यादी! पण मित्रांनो, प्रकाशकाला त्यात काय रस? त्याला लिखाण वाचायचं असतं. अँडी वीअर आपल्यासारखाच कॉम्प्युटरवाला, प्रोग्रामर. आधीच्या लिखाणाला एजंट मिळेना, म्हणून 'द मार्शियन' ही कादंबरी त्याने २००९ पासून स्वतःच्या साइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकली. वाचक केमिस्ट्रीतल्या चुका काढायचे, तो दुरुस्त करायचा. वाचकांच्याच आग्रहाने ती किंडलवर ९९ सेंटला आली आणि धडाधड खपली. मग एजंट आपणहून हजर! २०१४ मध्ये क्राउनने पुस्तक काढलं, २०१५ मध्ये सिनेमा आला. तेव्हा वहीत कथा लपवणाऱ्यांनो, आधी एक चांगलं प्रकरण साइटवर टाका. सजावट काय, नंतरही होईल!