निधी चाचणीला, दाव्याला नव्हे

गुडघेदुखीवर आयुर्वेदिक औषध आधुनिक औषधाइतके चालते का, याचे उत्तर पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दिले. 440 रुग्ण, 24 आठवडे, कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नाही, अशी ती कठोर चाचणी. सुंठ, गुळवेल, आवळा यांची औषधे सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामाइन या प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली. सात रुग्णांत यकृताचे एक विकर, एसजीपीटी, वाढले आणि औषध थांबवताच पूर्ववत झाले. हेही संशोधकांनी लपवले नाही. या कामाला बळ मिळाले ते सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या ‘निमिटली’ योजनेचे, म्हणजे सार्वजनिक पैशाचे.

आयुष मंत्रालयाने आणि विद्यापीठांनी संशोधननिधी वाटताना हाच कित्ता गिरवावा. अनुदान हवे ते तुलनात्मक चाचण्यांना, आधीच नोंदवलेल्या आराखड्याला आणि प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करण्याच्या लेखी हमीला. वैद्य, डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ एकत्र आले, तरच प्रस्ताव मंजूर व्हावा. परंपरेचा अभिमान खरा असेल, तर तिला कसोटीला लावायला घाबरू नये. रुग्णाला हवा आहे तो पुरावा.