मोजणीत नसलेल्या बाया



स्त्रियांच्या अंकात रस्त्याच्या पुलावर संपादकीय कशाला, असे काहीजणींना वाटेल. आमच्या बैठकीतही हा प्रश्न आलाच. मारहाण, पोटगी, एकट्या बायांची घरे असे विषय रांगेत उभे असताना सिमेंटच्या कामावर पाने का खर्चायची? पण कोथरूडच्या वस्त्यांमधल्या घरकामगार मैत्रिणींशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येत राहिली. बैठकीला उशीर का झाला म्हणून विचारले की पूर्वी नवरा, सासू आणि पाणी ही तीन कारणे यायची. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे, चांदणी चौकाची.

पुण्याबाहेरच्या वाचक मैत्रिणींसाठी थोडे सविस्तर सांगते. मुंबई-बंगळूर महामार्ग पुण्याला पश्चिमेकडून वळसा घालून जातो. कोथरूडहून मुळशीकडे जाणारा पौड रस्ता, बावधन-पाषाणकडचा रस्ता आणि एनडीएकडे जाणारा रस्ता असे सगळे या महामार्गाला जिथे भेटतात तो चांदणी चौक. एकेकाळी इथे टेकडी आणि माळ होता. आता बावधन, भूगाव, पिरंगुटपर्यंत इमारतींची रांग लागली आहे. 2021 साली 23 गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत बावधन बुद्रुकही आले. वस्ती वाढली, हिंजवडीकडची नोकरदारांची ये-जा वाढली आणि महामार्गावरचा जुना अरुंद पूल म्हणजे गळ्याला लागलेला फास झाला. 2017 साली नव्या कामाचे भूमिपूजन झाले, पण जागा ताब्यात घेण्यातच बराच काळ गेला. (रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा मोबदल्यात बहिणींचा वाटा किती, हा खरे तर वेगळ्या लेखाचा विषय. राज्याच्या 1994 च्या आणि केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला. पण जमिनीला भाव आला की बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद येतो, साडीचोळीसकट.)

ऑगस्ट 2022 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांची गाडी या कोंडीत अडकली आणि कामाला एकदम वेग आला. सामान्य माणसे इतकी वर्षे अडकत होती, त्याने आला नव्हता. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री एकच्या सुमारास सुमारे सहाशे किलो स्फोटके लावून जुना पूल उडवण्यात आला. वाहिन्यांनी तो सोहळा देशभर दाखवला. पूल मात्र चिवट निघाला! स्फोटानेही तो पुरता कोसळला नाही. आतल्या पोलादाने धरून ठेवले आणि उरलेले काम यंत्रांना करावे लागले. 12 ऑगस्ट 2023 रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या चौकाचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे 865 कोटी रुपये. आठ रॅम्प, नवे पूल, भुयारी मार्ग.

आणि मग लक्षात आले, की चालत जाणाऱ्या माणसाने हा चौक ओलांडायचा कसा ते कुणी ठरवलेलेच नाही. ओरड झाली, बातम्या आल्या, तेव्हा पादचारी पुलाचा विषय पुढे आला. आधी आठ रॅम्प आणि नंतर पायी माणूस, हा जो क्रम आहे त्याविषयी मला बोलायचे आहे.

आधी एक कबूल करायला हवे. कोंडी फुटल्याचा फायदा बायांनाही झाला आहे. हिंजवडीला दुचाकीवरून जाणारी माझी एक तरुण मैत्रीण सांगते, रोजची अर्ध्या तासाची घुसमट वाचली. रात्रपाळी करून परतणाऱ्या एका परिचारिकेनेही तेच सांगितले. पुण्याच्या बायांनी दुचाकीच्या जोरावर किती मोकळीक मिळवली हे आपण जाणतो. तेव्हा पूल नकोच होता, असे मी म्हणणार नाही. जुना पूल पाडायलाच हवा होता.

पण सुतारदऱ्यातून किंवा किष्किंधानगरातून बावधनच्या सोसायट्यांत कामाला जाणाऱ्या बाईचे काय? ती सकाळी पाचला उठते. पाणी भरते, डबे करते, मुलाला शाळेत सोडते आणि बस धरते. बावधनला चार घरांची धुणीभांडी, मधल्या वेळेत रेशनचे दुकान, परतताना भाजी, बालवाडीतली धाकटी. तिचा प्रवास घर ते कचेरी आणि कचेरी ते घर असा सरळ रेषेत होत नाही. तो तुकड्यातुकड्यांचा असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला चालणे असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. ज्या बाईचा दिवस असा आधीच खाल्लेला आहे, तिला बस एका कडेला सोडते आणि काम रस्त्याच्या दुसऱ्या कडेला असते. मध्ये महामार्ग. वळसा घालून जावे तर वीस-पंचवीस मिनिटे जातात. रिक्षा करावी तर एका घराची दिवसाची कमाई तिच्यातच. मग ती काय करते? पदर खोचते, दुभाजकावर चढते आणि पळते. लोक म्हणतात, 'या बायांना शिस्तच नाही!'

शिस्तीची किंमत कोण मोजते तेही पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतले 32,825 जण पायी चालणारे होते. एकूण मृत्यूंपैकी 61,038 मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा दोन-सव्वादोन टक्क्यांचा.

हे निव्वळ निष्काळजीपणाने होते असे मला वाटत नाही. पायी माणूस हिशेबातून गळतो तो फार आधी, कागदावर. रस्ता किती रुंद हवा, किती पूल हवेत, हे ठरवायला वाहनांची मोजणी होते. स्कूटर, बस, ट्रक, सायकल यांची बेरीज एकत्र कशी करायची? म्हणून प्रत्येक वाहनाचे मोटारीत रूपांतर करतात. त्या मापाला 'पॅसेंजर कार युनिट' म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत, जी शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी आहे, मोटार म्हणजे 1, स्कूटर अर्धी, सायकल अर्धी, बस 3, हातगाडी 3, घोडागाडी 4 आणि मोठी बैलगाडी 8. हा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी हसू आले. मग त्यात पायी चालणारी बाई शोधू लागले. ती नाही. बैलगाडीला आकडा आहे, पण डोक्यावर सरपण घेऊन तिच्या शेजारून चालणाऱ्या बाईला नाही. पन्नास माणसांनी भरलेली बसही इथे तीनच मोटारींइतकी, कारण माप माणसांचे नसून रस्त्यावर अडणाऱ्या जागेचे आहे. ज्याला कोंडी म्हणतात ती गाड्यांची कोंडी. उन्हात तासभर बसची वाट पाहणाऱ्या बाया कोणतीच जागा अडवत नाहीत, म्हणून त्यांची कोंडी होत नाही!

पादचाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. कुठे ओलांडणीची सोय करावी यासाठी तिच्यात एक सूत्र आहे. तासाभरात रस्ता ओलांडणारी माणसे मोजायची आणि त्या आकड्याला वाहनांच्या संख्येच्या वर्गाने गुणायचे. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते. पण जिथे ओलांडणे इतके जिवावरचे आहे की म्हाताऱ्या, गरोदर आणि कडेवर मूल असलेल्या बायांनी तो रस्ताच सोडला, तिथे मोजणीला कोण सापडणार? ज्या बाईने बावधनचे काम सोडून कमी पगाराचे जवळचे काम धरले, ती कोणत्या रकान्यात?

पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, तेव्हा शहराला पहिल्यांदा कळले की आपली भांडी कुणीतरी घासत असते. त्या लढ्यातून संघटना उभी राहिली आणि पुढे 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कामगार म्हणून नाव मिळवायला इतकी वर्षे लागली. आता त्याच बायांना प्रवासी म्हणून नाव मिळवायचे आहे.

उपाय म्हणून पादचारी पुलाचे नाव निघाले की मला थोडी धास्ती वाटते. जिने चढून दोन मजले वर, तेवढेच खाली, गुडघे गेलेल्या बाईने. उद्वाहक बसवला तर तो चालू किती दिवस राहणार? भुयारी मार्ग असेल तर आत दिवा आहे का, बाहेरून आत दिसते का, संध्याकाळी सातनंतर तिथे कोण बसलेले असते? माणसाने सपाटीवरून जावे आणि गाडीने चढ-उतार करावा, हा नियम महामार्गाच्या जागीही पाळता येतो. रुंद, उजेडाचा, चढ नसलेला भुयारी रस्ता, त्याच्या तोंडाशीच बसथांबा, दोन टपऱ्या आणि एक स्वच्छ मुतारी. मुतारीचे मी मुद्दाम लिहिते आहे. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' नावाने मैत्रिणी याच मागणीसाठी झगडत आल्या. साताऱ्याची गाडी महामार्गावर तास-दीड तास उभे राहून धरणाऱ्या बाया आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. ही गोष्ट कोणत्या प्रकल्प अहवालात येते?

आणि हे सारे करून कोंडी कायमची सुटते असेही नाही. 1995 नंतर मुंबईत एकापाठोपाठ एक पन्नासच्या वर उड्डाणपूल झाले. आज मुंबईची कोंडी सुटली म्हणणारी एकही व्यक्ती मला भेटलेली नाही. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडावा लागला. रस्ता मोकळा झाला की त्या मोकळिकीला पाहून नव्या गाड्या येतात. बस वाढली असती तर यातल्या किती गाड्या आल्याच नसत्या!

हे सगळे आत्ता लिहिण्याला एक निमित्त आहे. जून 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाझ ते चांदणी चौक या मेट्रोच्या विस्ताराला मंजुरी दिली. म्हणजे याच चौकाभोवती पुन्हा खांब उभे राहणार, जिने बांधले जाणार, बसथांबे हलणार. आराखडा पक्का झाल्यावर निवेदन देण्यात अर्थ नसतो, हे या चौकाने आपल्याला शिकवले. तेव्हा आपली मोजणी आपणच करायची, असे कोथरूडच्या गटाने ठरवले आहे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, चौकाच्या चार जागी दोघी-दोघी वही घेऊन बसणार. किती बाया पायी गेल्या, किती जणींच्या हातात ओझे, किती जणींच्या कडेवर मूल, किती म्हाताऱ्या, ओलांडायला किती मिनिटे लागली, कुठून कुठे आणि कशासाठी चालल्या. सोपा तक्ता केला आहे, लिहिता न येणाऱ्या मैत्रिणीलाही रेघा ओढून भरता येईल असा.

तुमच्या गावाबाहेरून महामार्ग गेला असेल, चौपदरीकरणाने शाळा एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला राहिली असेल, तर तुमच्याही गटाने अशी एका दिवसाची मोजणी करावी, अशी विनंती आहे. तक्ता हवा असेल तर कळवा, पाठवू. पुढचा अंक छपाईला जाण्याआधी महिनाभर भरलेले कागद आमच्याकडे पोचतील असे पाहा. अक्षर कसेही असू द्या. तारीख, वेळ आणि जागा मात्र न विसरता लिहा, कारण समोरचे अधिकारी पहिल्यांदा तेच विचारणार.