नंबर ३११ आणि नंबर ३१२

बेसबॉल आपल्या वस्तीत कुणी खेळत नाही. मग त्या खेळाच्या जुन्या कार्डांवर आम्ही या स्तंभाची जागा का खर्च करतो, असे वाचक विचारतील. विचारावेच. आधी हकीगत ऐका.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिकी मँटल या गोऱ्या खेळाडूचे एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. टॉप्स या च्युइंगगम कंपनीने १९५२ साली ते काढले होते. गमच्या पुडीत पोरांना मिळणारा पुठ्ठ्याचा तुकडा! त्या कार्डाचा नंबर ३११. त्याला अगदी लागून नंबर ३१२ वर कोण आहे? जॅकी रॉबिन्सन.

रॉबिन्सन म्हणजे गुलामाचा नातू. लष्करात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून १९४४ मध्ये त्याच्यावर कोर्ट मार्शल झाले. तो निर्दोष सुटला. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून तो मैदानात उतरला आणि साठ वर्षांची वर्णबंदी मोडली. १९४९ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. १९५२ साली कार्ड निघाले तेव्हा मँटलच्या नावावर जेमतेम एक हंगाम होता. मँटल पुढे थोर खेळाडू झाला, त्याच्याशी आमचे भांडण नाही. विकले गेलेले कार्ड अतिशय उत्तम स्थितीत होते, हेही मान्य. पण सारख्या स्थितीतली दोन कार्डे घेतली तरी ३११ चा भाव ३१२ च्या कितीतरी पट असतो.

दुर्मीळ म्हणून महाग, असे बाजाराचे पंडित सांगतात. इथे ते चालत नाही. छपाईच्या तक्त्यावर ही दोन्ही कार्डे दोन-दोनदा बसवलेली होती. या मालिकेचा न खपलेला साठा कंपनीने १९६० मध्ये बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात फेकला, तेव्हा बुडालेही दोघे बरोबरच. मग भावात फरक कशाचा? घेणाऱ्याच्या आठवणीचा. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या लहानपणीचा देव महाग.

तरी रॉबिन्सनला कार्ड तरी मिळाले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटातून पाचशेवर कार्डे वाटली. होनस वॅग्नरचे जगप्रसिद्ध कार्ड त्यातलेच. त्या पाचशेत एकही काळा खेळाडू नाही. तंबाखूच्या मळ्यात राबायला काळे हात चालत होते, पाकिटात काळा चेहरा चालत नव्हता. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले, ते या अमेरिकेत.

जोश गिब्सनचे काय झाले? निग्रो लीगमधला हा फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला. रॉबिन्सनसाठी दार उघडायला तीन महिने उरले होते. तो खेळत असताना अमेरिकेतल्या एकाही मोठ्या गम किंवा सिगारेट कंपनीने त्याचे कार्ड काढले नाही. मे २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदवहीत घेतले गेले आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन टाय कॉबच्या पुढे पहिल्या क्रमांकावर गेला. कॉबची कार्डे तिजोरीत आहेत. गिब्सनचे शोधायचे तर पोर्तो रिकोत त्याच्या मृत्यूनंतर निघालेले कार्ड शोधावे लागते. आकडे दुरुस्त करता येतात. न छापलेले कार्ड मागे जाऊन छापता येत नाही.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य सांगितले. ते पत्र आज आपण वाचू शकतो, कारण डुबॉइस यांचे कागद कुणीतरी जपून ठेवले. आणि आपण? पुण्यात ज्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई, त्या पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्यांचे एखादे छायाचित्र आपल्या किती घरांत आहे?

जुने कार्ड हा श्रीमंतांचा शौक आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की समता सैनिक दलाचा बिल्ला, १९५६ च्या नागपूरचे पत्रक, पँथरच्या मोर्चाचे हस्तपत्रक तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत होते ना? घर रंगवायला काढले तेव्हा ते कुठे गेले? किलोच्या भावाने गेले असेल, तर रद्दीवाल्याला आजच गाठा. पुढच्या रविवारी विहारात येताना उरलेसुरले घेऊन या. कागदावर तारीख, गाव आणि आजोबांचे नाव लिहून आणा.