सांगोल्याचा धडा रायगडात चालेल?

२०१९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याची जागा शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) अवघ्या ७६८ मतांनी घालवली. अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख वयोमानामुळे रिंगणात नव्हते, नातू उभा होता. पाच वर्षांनी दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख तिथूनच २५ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. विधानसभेत शेकापचा आज तेवढा एकच आमदार. १९६७ मध्ये १९ होते आणि विरोधी पक्षनेतेपद अनेकदा याच पक्षाकडे असे. मग हा पक्ष पुन्हा उभा राहणार कसा? मोठ्या आघाडीचं बोट धरून, की आपल्या मोजक्या तालुक्यांत पाय रोवून?

आघाडीची बाजू लंगडी नाही. ‘मत वाया जाईल’ हे एक वाक्य पारावर पडलं की लहान पक्षाची महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. रायगडातल्या उरणला २०२४ मध्ये हेच दिसलं. भाजपचे महेश बालदी जिंकले, शेकापचे प्रीतम म्हात्रे सुमारे साडेसहा हजारांनी मागे राहिले आणि शिवसेनेच्या ठाकरे गटाचे मनोहर भोईर तिसरे आले. महाविकास आघाडीतले हे दोघे मित्र एकमेकांसमोर उभे ठाकले नसते, तर निकाल कदाचित फिरला असता.

पण त्याच वर्षीच्या जुलैमध्ये विधान परिषदेत काय झालं तेही आठवा. शेकापचे नेते जयंत पाटील आघाडीच्या भरवशावर उभे राहिले आणि पडले. मित्रांच्या पंगतीत आपलं पान मांडलंय असं धरून चालणाऱ्याची ही गत होते. आणि सांगोल्यात तर आघाडीतल्याच ठाकरे गटाने दीपक साळुंखेंना उभं केलं होतं. शेकाप तिथे मित्रांमुळे जिंकला नाही, मित्र समोर असतानाही जिंकला.

या विजयाचं फार कौतुक करण्याआधी थांबायला हवं. शिवसेनेचे दोन्ही गट समोरासमोर होते, मतं विभागली. आजोबांची पुण्याई मोठी होती. धनगर समाजाचं पाठबळ होतं. तरीही मतविभागणी सोडली तर हे सगळं २०१९ मध्येही बऱ्याच अंशी होतं आणि तेव्हा पक्ष हरला होता. मग उरतं ते तालुक्यातलं रोजचं काम. दुष्काळी माळावर टेंभू-म्हैसाळचं पाणी कुठल्या गावाला आलं, कुठल्या गावाच्या शिवेवर येऊन थांबलं, हे पाठ असणारा कार्यकर्ता. डाळिंबावर तेल्या रोग पडला की बागेत येऊन उभा राहणारा माणूस. सूतगिरणीसारखी संस्था, जिथे लोकांचं पक्षाशी पाच वर्षांतून एकदा नव्हे, दर महिन्याला काम पडतं.

रायगडात हाच धागा तुटला आहे. चरीच्या शेतकरी संपापासून तिथल्या कुळांनी खोतांशी झुंज दिली. १९८४ मध्ये शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क उभा राहिला. पण जमीन गेली, भूखंड विकले गेले. कुळाचा नातू आज कंपनीच्या गेटवर ठेका मागतो, आणि ठेका देण्याची ताकद सत्ताधाऱ्यांच्या हातात. पेणचे धैर्यशील पाटील, अलिबागचे पंडित पाटील भाजपमध्ये गेले, ते काही एका रात्रीत विचार बदलले म्हणून नव्हे. (घरातलीच माणसं निघून जातात तेव्हा घराचं छप्परही बघायला हवं.) पक्ष म्हणजे एक कुटुंब, हा आरोप तिथे नुसता विरोधकांचा राहिलेला नाही.

म्हणून माझं मत असं, आणि ते थोडं कडू आहे. शेकापने विधानसभेच्या जागावाटपाचा हिशेब काही वर्षं बाजूला ठेवावा. पंचायत समिती, बाजार समिती, दूध संस्था या पातळीवर उतरावं. युती करावीच, पण तालुक्यापुरती, कुठल्या गटात कोण लढणार हे आधी लिहून घेऊन. रायगडात लढा जमिनीचा नव्हे, तर बंदर आणि विमानतळाच्या पंचक्रोशीतल्या तरुणाला कायम नोकरी मिळण्याचा असायला हवा. हा तरुण जुन्या घोषणांवर येणार नाही. कंत्राटी कामगारांची संघटना बांधायची तर ठेकेदारांशी भांडण ओढवून घ्यावं लागेल, आणि त्यातले काही ठेकेदार आपल्याच सभेला पहिल्या रांगेत बसलेले असतील.