सायन्स म्हणजे फक्त नीट-जेईई नव्हे

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात गुणवंतांचे सत्कार होतात. ट्रॉफी मिळते, ‘खूप शिका’ असे भाषण होते. पण विज्ञानात उत्तम गुण मिळवणारी मुलगी पुढच्याच महिन्यात कॉमर्सला नाव घालते, तेव्हा तिला ‘का?’ असे कुणी विचारत नाही.

मी फणसवाडीत नववी-दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेतो. मी विचारतो. कॉमर्स मनापासून आवडणारी मुलेही असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बाकीच्यांचे उत्तर साधारण एकच असते: “सर, सायन्स म्हणजे नीट-जेईईचा क्लास. अब्बांना ती फी झेपणार नाही.”

म्हणजे मुलीला विज्ञान नको असते असे नाही. घरात सायन्स आणि क्लास ही एकच गोष्ट समजली जाते आणि शाळा तो समज दूर करत नाही. बारावीनंतर फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत बीएस्सी करता येते, हे नववीतच सांगायला हवे. फणसवाडीतून धोबीतलावचे सेंट झेवियर्स आणि चौपाटीचे विल्सन, दोन्ही कॉलेजे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती तर मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच आहे. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या 1 टक्क्यात आलेल्या विद्यार्थ्यांना तीतून वर्षाला 80,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात.

पण नुसती माहिती देऊन गोडी लागत नाही. दहावीच्या विज्ञानात 100 पैकी 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. तरी माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांनी बहिर्गोल भिंग फक्त पुस्तकात पाहिलेले असते. गच्चीवर जाऊन लांबच्या इमारतीची उलटी प्रतिमा कागदावर पाडली, भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजले, की ‘नाभीय अंतर’ पाठ करावे लागत नाही.

अब्दुल कलाम यांचा फोटो बहुतेक शाळांत असतो. रामेश्वरमचे त्यांचे शिक्षक शिवसुब्रमण्य अय्यर यांनी पक्षी कसा उडतो हे फळ्यावर समजावले आणि मग मुलांना समुद्रकिनारी नेऊन उडणारे पक्षी दाखवले, ही आठवण कलाम स्वतः सांगत. चौपाटी आपल्याही जवळ आहे.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईत 1981 पासून होते. सहावी-नववीच्या मुलांना तिथे लेखी परीक्षेच्या पुढे प्रयोग आणि प्रकल्पही करावे लागतात. तिथे निवडक मुले पोहोचतात. शाळेने आठवड्यातून एकदा प्रयोगशाळेचे कपाट उघडले, तर तो अनुभव सगळ्यांनाच मिळेल.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी बीएस्सी करत असाल तर आपल्या जुन्या शाळेत जा आणि नववीच्या वर्गात एक तास मागून घ्या. फी किती भरली, शिष्यवृत्ती कशी मिळवली, दिवस कसा जातो, हे सगळे सांगा. पालकसभा असेल तर अम्मी-अब्बूंसमोरही बोला. आपल्याच मोहल्ल्यातली मुलगी फिजिक्स शिकते आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले की पुढच्या मुलीला घरी परवानगी मागणे सोपे जाईल.