कुलूप लावण्यापूर्वी

भगिनींनो, दसरा झाला की बालाघाटावरच्या गावांत ट्रक-ट्रॅक्टर येऊ लागतात. लिंबागणेशच्या भालचंद्राला नारळ फोडायचा, मुकादमाच्या गाडीत भांडी, वाकळा, कोयते चढवायचे, की निघाली जोडी ऊसतोडीला. ती परतणार पाच-सहा महिन्यांनी, गाळप आटोपल्यावर. या धांदलीत घराची आवराआवर शेवटच्या तासावर पडते. ती दोन-चार दिवस आधी हाती घ्यावी.

प्रथम धान्य. नवी बाजरी घाईने पोत्यात भरू नये. दोन-तीन उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली कट्कन फुटला म्हणजे वाळला समजावे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला थराथरात घालावा. कोणी कीड मारायच्या विषारी गोळ्या आणून देतात. त्यांतून सुटणारा वायू माणसालाही मारतो. मागे त्याच घरात सासूबाई आणि नातू निजणार असतील, तर ती गोळी घरात आणूच नये. बाजरीला चार किडे लागलेले परवडतील.

माळवदावर पांढरी माती आताच टाकून धोपटून घ्यावी, पन्हाळी मोकळी करावी. पत्रे असतील तर नुसत्या दगडांवर भरवसा नको, हूक आवळून घ्यावेत. आता कुठला पाऊस, असे म्हणू नका. 2014 साली ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली होती, आणि तेव्हा पुष्कळ जोड्या अजून फडातच होत्या.

चूल, रांजण, विजेचे बटण यांचे तुम्हाला काय सांगावे! पण बहुतेक घरांना पुरते कुलूप लागतच नाही. एक खोली म्हातारीसाठी उघडी राहते आणि शाळेतले पोरही तिच्याच पदरी असते. तिच्या हाती काय ठेवून जाता, हे नीट पाहावे. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्याच मिळत असतील तर पुढच्या कोण आणणार? पाणी कोण भरणार? माणूस नावानिशी ठरवावे. “कुणीतरी बघेल” म्हटले की कुणीच बघत नाही. रेशनकार्डाला सर्वांचे आधार जोडले आहे ना, याची दुकानात खात्री करावी. तसे असेल तर तुमच्या वाट्याचे धान्य कारखान्याजवळच्या दुकानात आणि सासूबाईंचे गावात, असे एकाच कार्डावर मिळू शकते.

पोराचे नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत घालण्यासाठी निघण्याआधी गुरुजींना भेटावे. 2021 साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली, तिचीही चौकशी करावी. मुलींसाठी तर जरूर करावी. मुलगी तेरा-चौदाची झाली, मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून दिवाळीआधी तिचे लग्न उरकणारी घरे आपल्यातच आहेत. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, हे खरेच. पण त्या पोरीच्या हाती पुढच्याच हंगामात कोयता येतो, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

किल्ल्या दोन करून घ्याव्यात. एक तुमच्या पिशवीत, दुसरी शेजारच्या जावेकडे. कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा फोन नंबर दारामागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. म्हातारीला वाचता येत नसले तरी नातवाला येते.