हिरड्यांतील जंतूचा प्रवास

अमेरिकेतील शास्त्रज्ञ यीपिंग हान यांचे संशोधन प्रामुख्याने फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या जंतूभोवती फिरते. दातांवरील थरात तो एरवी निमूट राहतो. २०१० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली नोंद मात्र मन विषण्ण करते. पूर्ण दिवसांचे बाळ मृत जन्मले; त्याच्या फुप्फुसांत व जठरात सापडलेला जंतू मातेच्या हिरड्यांतील जंतूशी जुळला. गर्भारपणात तिच्या हिरड्यांतून रक्त येत असे. रक्तावाटेच जंतू गर्भापर्यंत पोहोचला असावा, असा निष्कर्ष निघाला. घराघरांत असे रक्त ‘उष्णतेचे’ म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः तेव्हाच दंतवैद्याला दाखवावयास हवे. पुढे २०१३ मध्ये हान यांच्या गटाला प्रयोगांत आढळले की, हाच जंतू मोठ्या आतड्यातील पेशींना चिकटून कर्करोगाच्या वाढीस चालना देतो.